झिरोताई

ज्या भावाचं तोंड पाहायचं नाही अशी शपथ घेतलेली असते, त्याची खबर बहिणीला जेवढी असते तेवढी त्याच्या बायकोलाही नसते. ताईला धाकट्याचं सगळं ठाऊक होतं. तो कुठे भाषण ठोकून आला, कुठल्या मासिकात त्याचा फोटो आला, केस काळे करणं त्याने कधी सोडलं, सगळं. तिच्या दुरुस्तीच्या दुकानात आलेलं एखादं गिऱ्हाईक सहज बोलून जायचं, "तुमच्या भावाचा कार्यक्रम ऐकला परवा. काय बोलतात हो." ताई सोल्डरिंगची दांडी हातातून खाली न ठेवता म्हणायची, "बोलायचं खातं पहिल्यापासून त्याच्याकडेच होतं. कामाचं माझ्याकडे." मग गिऱ्हाईक गप्प बसायचं आणि आपल्या वॉशिंग मशीनचा बोर्ड किती वाजता मिळेल एवढंच विचारायचं.

धाकटा इतिहासकार झाला होता. व्हिडिओ गेमच्या पार्लरांचा इतिहासकार. इतिहासकार व्हायचं तर आधी काहीतरी मरावं लागतं. पार्लरं मेली आणि याचं नशीब उघडलं. जिवंत असताना त्याच पार्लरात हा स्टुलावर बसून दाणे खायचा आणि सालं मशीनखाली सारायचा. ती सालं कोणी काढली हे त्याच्या पुस्तकात कुठेही नाही. ताईने पुस्तक वाचलं होतं. विकत घेतलं नव्हतं, एका गिऱ्हाइकाकडून मागून आणलं होतं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दात-ओठ खात वाचलं होतं.

पार्लर त्यांच्या बाबांचं. लांबट, अरुंद खोली. पडदे नीट दिसावेत म्हणून खिडक्यांच्या काचा आतून काळ्या रंगवलेल्या. दाराला जाड पडदा. आत शिरलं की आवाजाची एक भिंतच अंगावर यायची. पहिलं मशीन आलं ते दोन पांढऱ्या पट्ट्यांचं आणि मधे टोलवायच्या एका ठिपक्याचं. त्या ठिपक्यासाठी मोठी मोठी माणसं रांग लावून उभी राहत, हे आज सांगितलं तर पोरं हसतात. मग वरून रांगेने उतरणारी परग्रहावरची फौज आली. मग भुतं चुकवत ठिपके खायचा खेळ, मग शिड्या चढायचा, मग एकमेकांना बुकलायचा. दरवेळी बाबा नवं मशीन घेत नसत. लाकडी खोकं तेच. आतला जुना बोर्ड काढायचा, नवा बसवायचा, बाहेरून रंगाचा हात फिरवायचा की झाला नवा खेळ. बोर्डही बहुतेक चोरीचे. कोणीतरी कुठेतरी मूळ बोर्डावरच्या चिपा वाचून घेई, तशाच दुसऱ्या चिपा भरी, आणि महिन्याभरात त्या खेळाची पिलावळ गावोगाव पसरे. सगळी पार्लरं असल्या नकलांवरच चालत. धाकट्याच्या भाषणात या गोष्टीला 'लोकांनी घडवलेली समांतर चळवळ' असं नाव होतं.

ही चळवळ ताईच्या हातांनी चालायची. बाबांचे हात थरथरत आणि डोळे अधू, म्हणून वेणी घालायच्या वयापासून सोल्डरिंगची दांडी तिच्या हाती आली. खेळायच्या स्टिकच्या खालच्या पट्ट्या वाकल्या, ताईला बोलाव. नाण्याच्या फटीत कोणी च्युइंगम कोंबलं, ताईला बोलाव. धाकटा खेळायचा. खेळायचा उत्तम, हे ताईही नाकारत नसे. तो खेळायला उभा राहिला की मागे गर्दी जमायची, गर्दी जमली की बाकीची मशीनंही चालायची, त्यामुळे बाबांनी दारात एक फळा लावून त्यावर त्याचे गुण लिहायला सुरुवात केली होती. ताईने काय काय दुरुस्त केलं हे लिहायला फळा कोण लावणार.

एक गोष्ट मात्र तिने धाकट्याला शिकवली होती, आणि तीही कान उपटून. जुने बोर्ड कपाटात ठेवताना त्यावरची बॅटरी काढायची. बोर्ड हातात आला की आधी बॅटरी काढ, मग बाकीचं. एकदा त्याने कंटाळा केला, बॅटरी तशीच राहिली आणि काही महिन्यांनी तिच्यातून पाणी गळून अख्खा बोर्ड हिरवा होऊन सडला. ताईने त्याचा कान असा पिळला की आई मधे पडली. ताईचं म्हणणं तेव्हाही बरोबर होतं आणि आजही बरोबर आहे. कुठल्याही दुरुस्तीवाल्याला विचारा, हेच सांगेल.

याला अपवाद एकच होता, आणि तो म्हणजे पाणबुड्या.

खेळाचं खरं नाव परक्या लिपीत होतं, ते कोणालाच वाचता येईना, म्हणून सगळे त्याला पाणबुड्या म्हणत. कुठल्यातरी छोट्या कंपनीचा तो खेळ. पार्लरातला हा एकमेव अस्सल बोर्ड, कारण याची नक्कल कोणालाच जमली नव्हती. कंपनीने चोरांसाठी सापळा लावला होता. खेळ सगळा कुलूप घालून ठेवलेला, आणि त्याची किल्ली एका चिपमध्ये, जी बॅटरीच्या विजेवर जागी राहायची. बॅटरी संपली किंवा कोणी काढली की किल्ली पुसली जाणार आणि बोर्ड कायमचा मुका होणार. ताईला हे एका म्हाताऱ्या मेकॅनिकने सांगितलं होतं. बॅटरी बदलायची तर नवी आधी शेजारी जोडायची, मग जुनी काढायची. मधे वीज तुटता कामा नये. ताईने हे काम बिनबोभाट केलं. बाबांना सांगायची गरज पडली नाही आणि धाकट्याला सांगायची इच्छा झाली नाही.

पाणबुड्या जीवघेणा अवघड होता. समुद्राच्या तळाशी उतरायचं, शिंपले फोडून मोती गोळा करायचे, हवा संपायच्या आत पुढच्या गुहेत शिरायचं. खेळात पुढे जायचं ते फक्त उजवीकडे. डावीकडे वळलं की पाणबुड्या जागेवरच पाय झाडायचा. धाकटा आठ हातांच्या राक्षसापर्यंत जाई आणि तिथे मरे. तेवढ्यावरही फळ्यावर त्याचंच नाव होतं, कारण बाकीचे त्याच्या अलीकडेच गुदमरायचे.

ताई सकाळी पार्लर उघडायच्या आधी काचा पुसायला येई. मशीन तपासायचं म्हणून मागचं दार उघडून आतलं बटण दाबलं की नाण्याशिवाय खेळ सुरू होई. ती एकेक मशीन तपासत पाणबुड्यापाशी यायची आणि तिथेच रेंगाळायची. राक्षस कुठल्या हातानंतर कुठला हात टाकतो हे तिला हळूहळू पाठ झालं. एका सकाळी तिने त्याला मारलं, त्याच्या पुढच्या गुहाही पार केल्या, आणि खेळ संपवला.

शेवट असा होता. पाणबुड्या मोत्यांची थैली घेऊन पाण्याच्या वर येतो. होडीच्या काठावर बसतो. आणि थैलीतून एकेक मोती काढून परत पाण्यात सोडतो. प्रत्येक मोत्याबरोबर वरचे गुण कमी होत जातात. सगळे मोती सोडून झाले की गुण शून्य. मग होडी डावीकडे निघते, ज्या बाजूला पूर्ण खेळात कधी जाताच येत नाही, आणि पडद्याबाहेर जाते.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. का आलं ते तिला सांगता आलं नसतं. संध्याकाळी पार्लर भरल्यावर तिने ते सगळ्यांसमोर सांगितलं. ही तिची चूक झाली. धाकट्याने स्टुलावरूनच विचारलं, "गुण किती झाले मग?"

"शून्य. शेवटी शून्यच होतात."

"म्हणजे जो सगळ्यात वाईट खेळतो त्याचे होतात तेवढे?"

पार्लर असं हसलं की मशीनांचे आवाज ऐकू येईनात. बाबाही हसले. म्हणाले, "एवढा जिवाचा आटापिटा करून माणसाला शून्यावर आणेल असा खेळ कोण कशाला बनवेल गं?" दुसऱ्या दिवसापासून मशीनच्या मागच्या दारांच्या किल्ल्या त्यांच्या खिशात गेल्या; सकाळी फुकट खेळून स्टिक झिजते म्हणून. दुरुस्ती निघाली की ताईने किल्ली मागायची, बाबा तिथेच उभे राहणार, काम झालं की किल्ली परत. नाव मात्र तिला कायमचं मिळालं. झिरोताई. देणारा धाकटा. अनोळखी पोरंसुद्धा म्हणायची, झिरोताई, जरा ही स्टिक बघा ना.

पुढे लोकांच्या घरी खेळ आले, मग फोनमध्ये आले, आणि पार्लरचा जाड पडदा एकदाचा उतरला. खोकी सरपणाच्या भावात गेली. पाणबुड्या तेवढा बाबांनी धाकट्याला दिला. तुझा खेळ आहे म्हणाले. तो धाकट्याच्या घरी आईच्या खोलीत कोपऱ्यात उभा राहिला. पडद्याची ट्यूब गेलेली, वर गाद्यांचा ढीग. ताई आईला भेटायला जायची तेव्हा आई दुपारची लवंडली की मशीनलाच अडकवलेल्या किल्लीने मागचं दार उघडून बॅटरी बदलायची. पडदा नसलेल्या मशीनला जिवंत ठेवून तिला काय मिळत होतं, हे तिनेही स्वतःला कधी नीट विचारलं नाही. पण एवढं खरं की धाकट्याच्या इतिहासात नसलेली ही एक गोष्ट तिच्याकडे होती आणि ती तिला पुरत होती. त्याच्या पुस्तकात पाणबुड्यावर पानंच्या पानं होती. जगात एवढाच एक बोर्ड शिल्लक असल्याचं ठाऊक आहे, असंही लिहिलं होतं. तो कशावर जगतोय याचा पत्ता नव्हता. ते पान ताईने दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा हसली होती.

बोलणं तुटलं ते एका भाषणामुळे. आईच्या आग्रहाखातर ताई पहिल्यांदाच त्याच्या कार्यक्रमाला गेली, आणि या पठ्ठ्याने भरल्या सभागृहात तो किस्सा सांगितला. "आमच्या घरात एक विश्वविक्रम आहे बरं का. माझ्या बहिणीने एक गेम संपवला आणि गुण मिळवले शून्य." लोक पोट धरून हसले. शेजारची बाई ताईकडे वळून म्हणाली, "बिचारी कोण असेल." ताई उठली. रांगेतल्या सगळ्यांचे गुडघे बाजूला सारत ती मधल्या वाटेवर आली आणि तिथून मोठ्याने म्हणाली, "संपवला होता. तुझ्यासारखी अर्ध्यात मेले नव्हते." लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या ताईच्या डोक्यात बसल्या त्या बसल्याच. आई गेली तेव्हाही दोघांनी एकमेकांना जे सांगायचं ते तिसऱ्या माणसाकडून सांगितलं. त्यानंतर ताई त्या घराची पायरी चढली नाही.

मग भावजयीचा फोन आला. बिचारी दोन्हीकडचा मार खायला होतीच. एका बंद पडलेल्या छापखान्याच्या इमारतीत पार्लरांच्या इतिहासाचं मोठं प्रदर्शन भरतंय, असं तिने सांगितलं. हेच सगळं पाहताहेत, मशीनं चालू ठेवणार आहेत, आणि पाणबुड्याला कुठूनतरी जुनी ट्यूब मिळालीय.

"चालू होतोय?" ताईने विचारलं.

"झाला ना परवा. हे तर नाचायचेच बाकी होते."

"त्याला सांग," ताई म्हणाली, "उद्घाटनाच्या दिवशी सगळ्या लोकांसमोर मी येते आणि तो गेम संपवून दाखवते. हिंमत असेल तर हो म्हण म्हणावं."

भावजयीने फोन हातात धरूनच तिकडे निरोप दिला. थोडी कुजबुज झाली. "हे म्हणतात, ये. आणि मशीनला काही करायला हवंय का, ते विचारताहेत. म्हणजे जुनं आहे ना, तर तुम्हाला काही माहीत असेल तर."

इथे ताईला एक वाक्य बोलायचं होतं. बॅटरीला हात लावू नकोस, एवढंच. ते जिभेवर आलंही होतं. पण धाकटा तिथेच उभा होता, बायकोच्या कानाला कान लावून, आणि इतक्या वर्षांनी जे विचारायचं ते बायकोच्या तोंडून विचारत होता. ताईला वाटलं, येऊ दे की स्वतः. दुकानाची पायरी चढू दे, ताई जरा बघतेस का म्हणू दे, मग सांगू. शिवाय त्याने आयुष्यात सोल्डरला हात लावला नव्हता. तो काय बोर्ड उघडणार. "त्याला म्हणावं एवढा जाणकार आहेस ना, तुझं तू बघून घे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

उद्घाटनापर्यंत ताईने तयारी केली. मशीन नव्हतं, म्हणून एका फळीवर तिने स्टिक आणि दोन बटणं बसवली आणि समोरच्या भिंतीकडे बघत आठवणीतून खेळ खेळायला बसली. पहिली गुहा, डावीकडून मासा, थांब, शिंपला, वर. गिऱ्हाइकं दारात थबकायची. भिंतीकडे बघून तारा नसलेली स्टिक हलवणारी बाई बघून एकाने आपला मिक्सर परत नेला. ताईला फिकीर नव्हती. राक्षसाचे हात तिला अजून ओळीने आठवत होते. मनगट दुखायचं तेव्हा ती गरम पाण्यात हात बुडवून बसायची, आणि सभागृहात टाळ्या वाजवणारे तेच लोक या वेळी काय वाजवतील याचा विचार करायची. तिला एवढंच हवं होतं. धाकट्याने तिच्या मागे उभं राहून ते मोती पाण्यात पडताना आपल्या डोळ्यांनी बघायचे.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी धाकटा दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं.

ताईने त्याला पाहिलं आणि तिला इतका आनंद झाला की तो लपवायला तिला मान खाली घालावी लागली. आधी तिने समोरच्या गिऱ्हाइकाचा इस्त्रीचा प्लग बसवून दिला. मग त्या गिऱ्हाइकाला इस्त्री कशी वापरायची हे उगाचच पहिल्यापासून समजावून सांगितलं. धाकटा ताटकळत उभा राहिला. गिऱ्हाईक गेल्यावर ती म्हणाली, "काय काम आहे?"

"चालत नाहीये," धाकटा म्हणाला. "परवापर्यंत चालत होता. आता नुसते रंगीत चौकोन येतात."

"मग इतिहासात काय लिहिलंय, बघ."

"ताई, उद्यावर आलंय."

"माझ्यावर आलंय का? ठेव तिथे."

त्याने चादर सोडली आणि बोर्ड टेबलावर ठेवला. ताईने दिवा खाली ओढला. बोर्ड लख्ख होता. इतकी वर्षं साचलेली धूळ ब्रशने काढलेली, चिपांचे पाय पुसलेले, एकेक चिप पुन्हा दाबून बसवलेली. आणि कोपऱ्यात जिथे बॅटरी असायची तिथे दोन स्वच्छ, गोल, रिकामी भोकं होती. सोल्डरचा डाग इतका नीट काढला होता की ताईनेही तसाच काढला असता.

"बॅटरी कुठे आहे?"

"काढली," धाकटा म्हणाला. आवाजात थोडी फुशारकी होती. "परवा बोर्ड बाहेर काढला आणि पहिलं तेच केलं. माझं मी केलं, कोणाला हात लावू दिला नाही. सोल्डर काढायला शिकलो त्याच्यासाठी, जुन्या बोर्डांवर हात बसवला. तू खेळणार होतीस ना, म्हटलं उगाच गळून घोळ नको."

ताईने दिव्यावरचा हात काढला नाही. मग राग आला, आणि तो आला तेव्हा तिला बरं वाटलं, कारण रागात काय करायचं हे तिला येत होतं.

"मुद्दाम केलंस."

"काय?"

"उद्या सगळ्यांसमोर तोंडघशी पडला असतास म्हणून मशीनच मारलंस. सरळ हरायची धमक नव्हती तुझ्यात कधी. चार पोरं जमवून त्यांना माझ्यावर हसवायचं, हेच येतं."

"काय बोलतेयस तू? बॅटरी काढली म्हणून कोणी मशीन मारतं? तूच शिकवलंस ना? कान उपटला होतास माझा. बोर्ड हातात आला की आधी बॅटरी काढ. झोपेतून उठवलं तरी सांगेन मी."

"या बोर्डाचा जीव होता त्या बॅटरीत."

ती बोलत गेली. किल्ली, कुलूप, चोरांसाठी लावलेला सापळा, आई झोपल्यावर बदललेल्या बॅटऱ्या. धाकटा ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत होता. तो स्टुलावर बसला.

"नवी लाव मग."

"लावून काय उपयोग? आतलं पुसलं गेलं."

"कोणाकडे तरी असेल. हल्ली लोक असले जुने खेळ फोडतात, कुलपं काढतात."

"फोडायला आधी जिवंत बोर्ड लागतो. आणि हा एवढाच होता. तूच लिहिलंयस."

धाकटा बोर्डाकडे बघत बसला. मग त्याने मान वर केली आणि ताईला कळलं की त्याच्या आता लक्षात आलं.

"मी विचारलं होतं," तो म्हणाला. "हिला फोन करायला लावला होता. मशीनला काही करायला हवंय का, म्हणून विचारलं होतं. तू काय सांगितलंस?"

ताईने दिवा वर सारला.

"तुझं तू बघून घे. हेच सांगितलंस ना?"

"स्वतः यायचं होतंस."

"म्हणजे तुला माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं."

"स्वतः येऊन विचारायचं होतंस. बायकोच्या पदराआडून नाही. आला असतास तर सांगितलं असतं."

"एका वाक्यासाठी?" धाकटा उभा राहिला. त्याचा आवाज फाटला. "एका वाक्यासाठी तू हा बोर्ड मरू दिलास? मला पायरीवर उभं करायला?"

"आलास की नाही शेवटी?" ताई म्हणाली, आणि बोलता क्षणीच ते वाक्य गिळून टाकावंसं तिला वाटलं. तो आला होता हे खरंच होतं. तिला जसा हवा होता तसाच आला होता, चादरीत बोर्ड घेऊन, ताई म्हणत. आणि तिला त्याच्यासाठी काडीचंही काही करता येत नव्हतं. स्वतःसाठीही नाही. फळीवर घालवलेल्या सगळ्या दुपारी, दुखरं मनगट, राक्षसाचे पाठ केलेले हात, सगळं त्या दोन भोकांतून निघून गेलं होतं. आता ती संपवू शकत होती की नव्हती, हे कधीच कोणाला कळणार नव्हतं.

रस्त्यावरून कोणीतरी शटर ओढल्याचा आवाज आला.

"उद्या काय सांगणार लोकांना?" शेवटी ताईने विचारलं. "तुझा विनोद सांग. आता तर अडवायला कोणी नाही."

"नाही सांगणार." धाकटा चादरीच्या घड्या घालत होता. "तू संपवला होतास. ते सांगीन."

"मशीन मेल्यावर पटलं?"

"मला तेव्हाच पटलं होतं."

ताईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कधी?"

"त्याच दिवशी. म्हणजे रात्री अंथरुणात. थाप मारणारा माणूस गुण वाढवून सांगतो गं. शून्य कोण सांगेल? आणि ते मोती सोडायचं, होडी डावीकडे जायचं, ते तुझ्या डोक्यातून निघणारं नव्हतंच." त्याने नाक पुसलं. "मी कितीदा झगडलो त्या राक्षसाशी, तेच बघायला. जमलं नाही."

"मग हसायचास का?"

"लोक हसायचे ताई."

"मी विचारतेय, तू का हसायचास."

"किस्सा सांगितला की लोक हसायचे," तो पुन्हा म्हणाला. "बाबासुद्धा. मग तेच अंगवळणी पडून गेलं."

ताई टेबलाला धरून बसली. ज्या एका माणसाला पटवायला तिने अख्खा जन्म जाळला होता, त्याला ते पहिल्याच रात्री पटलं होतं. पटूनही त्याने ते सभागृहं भरभरून विकलं होतं. त्याने तिला खोटं मानलं होतं हे ती कशीबशी सोसू शकली होती. हे तिला सोसवेना.

"उद्या सांगतो सगळ्यांना," धाकटा म्हणाला. आता त्याच्या आवाजात मऊपणा आला होता, मोठ्या मनाचा माणूस काहीतरी देऊ करतो तसा. "व्यवस्थित सांगतो. मशीनशेजारी पाटी लावू. तुझं नाव, तू पहिली आणि एकटीच हा खेळ संपवणारी. मी लिहिलं की लोक मानतात. तू ये फक्त."

"येईन," ताई म्हणाली.

त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

"येईन आणि पहिल्या रांगेत बसेन. तू माझं नाव घेतलंस की उभी राहीन आणि सगळ्यांसमोर सांगेन, मी तेव्हा थाप मारली होती. राक्षसाचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं मी. हा माझा भाऊ, याला बहिणीची दया आलीय म्हणून खोटं बोलतोय."

"वेडी झालीस का? खरं असून?"

"तुझ्या तोंडून नको मला ते."

"अगं पण मग कोणालाच कधी कळणार नाही."

"नको कळू दे."

धाकट्याने बोर्ड चादरीत गुंडाळला आणि दारापर्यंत गेला. तिथे वळून तो तिच्याकडे बघत राहिला. ती हे नुसतं रागाने म्हणतेय का, हे त्याला बघायचं होतं. ती त्याची बहीण होती, त्याला फार वेळ बघावं लागलं नाही. उद्या त्याने एक शब्द काढला असता तर ती उभी राहिली असती, आणि लोकांनी तिच्यावरच विश्वास ठेवला असता. पाटीवर काहीही न लिहिता मशीन तसंच बंद ठेवायचं, हे त्याने पायरी उतरतानाच ठरवलं.